मेंढ्यांशिवाय कोणी नसलेला डोंगर: वेल्सच्या मनिद डीत कसं हिंडावं

"मावशी, वाट कुठंय?"

पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी वाइन लेव्रिथच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरवर उभ्या होतो. पुढे गवत, मागे गवत, आणि ढग हळूहळू खाली येत होता. राजगड-तोरणा एका दमात चालणारी ही मुलगी. दगडावरचे रंगवलेले बाण, खिंडीत ताक विकणारे मामा, आणि चुकलंच तर "ओ दादा, गड कुणीकडं?" अशी हाळी, हे सगळं तिने गृहीत धरलेलं. मीही भोरची. रायरेश्वराच्या अंगाखांद्यावर खेळत वाढलेली. त्यामुळे तिचा प्रश्न मला जवळचा वाटला. याच डोंगरावर २०११ साली मी तो एकटीने विचारला होता आणि उत्तर द्यायला समोर फक्त मेंढ्या होत्या.

सह्याद्रीत आपण वाट विचारतो. इथे ती वाचावी लागते. वाचायची कशी, ते मला जसं येत गेलं तसं सांगते.

नेमका कोणता डोंगर

वेल्सच्या दक्षिण भागात बानाय ब्रखेन्योग हे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९५७ साली झालं, क्षेत्रफळ साधारण १,३४० चौरस किलोमीटर. जगाला ते ब्रेकन बीकन्स या इंग्रजी नावाने ठाऊक होतं. १७ एप्रिल २०२३ पासून उद्यानाने आपलं वेल्श नावच पुढे ठेवलं. बानाय म्हणजे शिखरं, आणि ब्रखेन्योग म्हणजे ब्रखान नावाच्या जुन्या राजाचा मुलूख.

बहुतेक पाहुणे ८८६ मीटरच्या पेन अ व्हानवर जातात. दक्षिण वेल्समधलं सर्वांत उंच शिखर, बांधीव रुंद वाट, आणि सुटीच्या दिवशी माथ्यावर फोटोसाठी रांग. सवय करायला तो डोंगर चांगला आहे. पण ज्याला मोकळं, निर्जन रान हवं त्याने उद्यानाच्या पश्चिम टोकाला जावं. तिथे आहे मनिद डी. मनिद म्हणजे डोंगर, डी म्हणजे काळा.

इथे एक घोळ होतो, तो आधीच टाळा. उद्यानाच्या पूर्व टोकालाही काळ्या डोंगरांची एक रांग आहे. इंग्रजीत पूर्वेकडचे अनेकवचनी, 'ब्लॅक माउंटन्स', आणि पश्चिमेकडचा एकवचनी, 'ब्लॅक माउंटन'. फोनवर नुसतं नाव टाकलंत तर उद्यानाच्या दुसऱ्याच टोकाला पोचाल. फोनला ल्हानदेइसान्त गाव सांगा. दोन संतांच्या नावाचं हे गाव. चर्चशेजारी जुन्या खानावळीच्या इमारतीत तरुणांसाठीचं वसतिगृह आहे, तिथे कोणालाही राहता येतं. स्वान्सीच्या माझ्या घरून गाडीने सव्वा तास लागतो. शेवटचा रस्ता एकाच गाडीपुरता, दोन्हीकडे उंच कुंपणाची झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्यावी लागते, त्याचा सराव असू द्या.

नावं वाचा, अर्धी वाट कळते

नकाशा उघडला की वेल्श शब्दांनी माणूस बिचकतो. बिचकू नका. मराठी माणसाला हे उच्चार इंग्रजी माणसापेक्षा सोपे जातात, हे मी अनुभवाने सांगते. दोन 'एल' जोडून आले की जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची. आपल्या कोल्हापुरातल्या 'ल्ह'च्या जवळ जातं. एकटा 'एफ' म्हणजे 'व्ह'. 'डब्ल्यू' बहुतेकदा 'उ'. 'सी-एच' म्हणजे घशातून काढलेला 'ख'. दोन 'डी' म्हणजे मऊ 'द'. त्यामुळे इथल्या एका तळ्याचं नाव 'ल्हिन अ व्हान व्हाख' असं वाचायचं: धाकट्या शिखराचं तळं. पलीकडे 'व्हान व्हाउर', म्हणजे थोरल्या शिखराचं.

पण उच्चारापेक्षा अर्थ महत्त्वाचा, कारण ही नावं जमिनीचा स्वभाव सांगतात. 'बुल्ख' म्हणजे खिंड. 'नान्त' म्हणजे ओढा, 'आव्होन' म्हणजे नदी. 'ब्लाइन' म्हणजे खोऱ्याचं वरचं टोक. 'केव्हन' म्हणजे पाठ, डोंगराची लांब धार. चालायला बहुधा कोरडी. 'क्राइग' म्हणजे कडा, 'कारेग' दगड. आणि 'वाइन' म्हणजे ओला माळ, 'कोर्स' किंवा 'गोर्स' म्हणजे सरळ दलदल. नकाशावर यातला शब्द दिसला आणि तुमची आखलेली रेघ त्यावरून जात असेल तर रेघ बदला, नाहीतर मोजे बदलायची तयारी ठेवा. पहिली दोन वर्षं मी ही नावं नुसती नावं म्हणून वाचत होते. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेली सूचना माझ्या हातात होती आणि मला ती दिसत नव्हती.

पायाखालच्या हिरव्याचंही तसंच. पोपटी, चमकदार, मखमलीसारखं शेवाळ दिसलं तर पाऊल टाकू नका, ते पाण्यावर तरंगतं. लव्हाळ्याचे गडद झुबके असतील तर ओलं आहे पण पाय धरून राहतो. झुबक्याच्या मुळाशी पाऊल ठेवायचं. कापसाचे पांढरे बोळे वाऱ्यावर हलताना दिसले की खाली खोल पीट आहे, कुजून साचलेली काळी माती. फिकट गवताचे गुडघाभर ठोंब असतील तर वेग निम्मा होतो आणि घोटा मुरगळतो. आणि हिथर किंवा बिलबेरीची बुटकी झुडपं दिसली की निश्चिंत व्हा, जमीन कोरडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बिलबेरीला निळी-काळी फळं येतात. करवंदाएवढी मोठी नसतात, पण जीभ तशीच रंगते.

नकाशा आणि होकायंत्र

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा ओएल १२ क्रमांकाचा नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर किलोमीटरचे चौकोन छापलेले असतात, म्हणून अंतर डोळ्यांनीच मोजता येतं. फिकट पिवळसर रंगाचा भाग म्हणजे मोकळा मुलूख: २००० सालच्या कायद्यानुसार तिथे पायी कुठेही फिरायचा हक्क आहे, वाट सोडूनसुद्धा. हिरव्या तुटक रेघा म्हणजे पायवाटेचा हक्क. हक्क आहे, वाट असेलच असं नाही. हा फरक मनात पक्का करा. मनिद डीत कित्येक हिरव्या रेघांवर जमिनीत पाऊलवाटेचा मागमूसही नाही.

फोनमध्ये नकाशा जरूर ठेवा, मीही ठेवते. पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. कागद आणि होकायंत्र पहिलं, फोन दुसरा.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे होकायंत्र मला कोनमापकाचा भाऊच वाटतं. रीत अशी. होकायंत्राची लांब कड नकाशावर 'मी इथे' पासून 'मला तिथे' पर्यंत लावा. मधली चकती फिरवून तिच्या रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांना समांतर करा. आता यंत्र छातीशी आडवं धरा आणि स्वतः फिरा, चकती नव्हे, जोवर लाल सुई चकतीवरच्या उत्तरेच्या खुणेत बसत नाही. बाण दाखवतो ती तुमची दिशा. या भागात चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत सध्या फार थोडा फरक आहे, नवशिक्याला तो सोडून देता येतो.

आता महत्त्वाचं. सुईकडे बघत चालू नका. दिशेत येणारा एखादा दगड, गवताचा ठोंब हेरा, तिथपर्यंत जा, मग पुढचा हेरा. दाट धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा सोबतीला पुढे पाठवा, हाताने डावी-उजवी करा, उभं राहायला सांगा आणि तिच्यापर्यंत जा. भाचीला घेऊन मी पाऊण किलोमीटर असंच गेले. वेळ लागतो. लागू द्या.

दिशेबरोबर अंतर हवं, नाहीतर दिशा अर्धीच. शंभर मीटरला तुमची किती पावलं होतात ते घरीच मोजून ठेवा. मी शाळेच्या मैदानावर मोजलं: डावं पाऊल जमिनीला लागेल तेवढंच मोजायचं, माझी चौसष्ट होतात. डोंगरावरच्या आखूड गवतात सत्तर. ठोंबांच्या गवतात पंच्याऐंशी. प्रत्येक शंभर मीटरला एक खडा या खिशातून त्या खिशात. खिंड आठशे मीटरवर असेल, आणि खडे आठ झाले तरी ती आली नाही तर थांबायचं, नकाशा काढायचा.

वेळेसाठी १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला हिशेब अजून चालतो: सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि वर प्रत्येक शंभर मीटर चढाईला दहा मिनिटं. मनिद डीसाठी मी पाचाचे साडेतीन करते. इथली जमीन वेग देत नाही.

आणि हे सगळं स्वच्छ उन्हाच्या दिवशी शिका. डोंगर समोर दिसतोय तेव्हा सुई कुठे दाखवते ते पडताळून बघा, शंभर मीटर खरेच शंभर निघतात का ते बघा. तेव्हा हातावर बसलं तरच धुक्यात मन त्यावर विश्वास ठेवतं.

मी कुठे चुकले

२०११ च्या सप्टेंबरात मी पिकुस डी हे शिखर ओलांडून पुढे निघाले होते. ढग आला. डाव्या हाताला उत्तरेकडचा कडा तुटलेला होता, त्याची भीती वाटली म्हणून मी उजवीकडे सरकत गेले. उजवीकडे उतार सौम्य, गवत मऊ. मग एक ओढा लागला आणि मला हायसं वाटलं. लहानपणापासून ऐकलेलं: वाट चुकली तर पाणी धरून खाली उतर, वाडी लागते.

इथे वाडी लागत नाही. तो ओढा दक्षिणेला वाहत होता. या कड्याच्या उत्तरेचं पाणी साउदे नदीतून तावी नदीला मिळतं, आणि दक्षिणेचं तुर्ख नदीतून तावे नदीला, म्हणजे थेट स्वान्सीला. ते पाणी माझ्या घराच्या दिशेने चाललं होतं आणि माझी गाडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. मध्ये मैलोन् मैल दलदल. तास-दीड तास मी तशीच चालले. मग नकाशा उघडून ओढ्याची दिशा सुईशी ताडून पाहिली, आणि पोटात गोळा आला. परत चढून, कडा गाठून, अंधारात खाली आले.

त्या दिवसापासून दोन नियम पाळते. कुठलंही पाणी भेटलं की आधी त्याची दिशा होकायंत्राने बघायची. आणि धुक्यात कड्यापासून पळायचं नाही, त्याच्या समांतर चालायचं, दहा-पंधरा पावलं आत राहून. कडा हाच इथला जिन्याचा कठडा आहे. तो सोडला की पलीकडे धरायला काहीच नाही.

एकच अपवाद, वाऱ्याचा. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीमागून तुम्हाला कड्याकडेच ढकलणारा. जोराचा वारा असेल तर अंतर वाढवून पन्नास पावलं करा. आणि हिवाळ्यात तोच वारा कड्याच्या ओठावर बर्फाचा छज्जा बांधतो, ज्याच्याखाली जमीन नसते. बर्फ असताना कड्याजवळ मुळीच नको. आईस अ‍ॅक्स वापरता येत नसेल तर बर्फात हा डोंगरच नको.

पहिली फेरी

ल्हानदेइसान्तच्या पुढे डांबर संपतं तिथे गाडी लावायची थोडी जागा आहे. सकाळी नऊच्या आत पोचा. तिथून साउदेच्या काठाने खडीचा रस्ता वर जातो, मासे वाढवायच्या हौदांजवळून. साधारण दोन किलोमीटरवर ल्हिन अ व्हान व्हाख. एवढा भाग लहान मुलांनाही जमतो, आणि ढग खाली असेल तर इथूनच परतायला काही हरकत नाही. मी चार वेळा परतले आहे.

तळ्याला छोटा बांध आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ल्हानेल्ही शहराला पाणी द्यायला तो बांधला. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लढायला नकार देणारी माणसं इथे कामाला लावली होती. बांधावर बसून समोरची भिंत बघा. तांबूस वालुकाश्माचे आडवे थर, त्यांत उभ्या घळी, हिमनदीने कोरून काढलेली अर्धगोल ओंजळ. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे चाळीस कोटींचा, आणि तरी हाताला ठिसूळ. बसाल्टच्या भरवशाने इथल्या कडेला हात घालू नका, कपच्या निघून येतात.

या तळ्याची गोष्ट इथली मुलंही सांगतात. एका तरुणाला पाण्यातून वर आलेली मुलगी दिसते. तो तिला पाव देतो. फार भाजलेला म्हणून ती नाकारते. दुसऱ्या दिवशी कच्ची कणीक, तीही नको. तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेला, तो चालतो. लग्न होतं, एका अटीवर: त्याच्याकडून विनाकारण तीन फटके बसले तर ती निघून जाईल. तिसरा फटका बसतो, आणि ती आपली सगळी गुरं हाकत तळ्यात परत जाते. तिची मुलं म्हणजे मद्व्हाइ गावचे वैद्य. वैद्य मात्र खरे होते. तेराव्या शतकात रियवाल्होन आणि त्याचे मुलगे इथल्या राजाच्या पदरी होते. पलीकडे मद्व्हाइ गाव अजून आहे.

तळ्याच्या उजव्या, म्हणजे पश्चिमेकडच्या अंगाने वर चढा आणि कडा डाव्या हाताला ठेवत चालत राहा. वाइन लेव्रिथ, मग ७४९ मीटरचं पिकुस डी. इथून खाली बुल्ख ब्लाइन तुर्खच्या खिंडीत उतरताना गुडघे बोलतात; वाट तीव्र आहे आणि ओली असली की निसरडी. खिंडीतून समोर चढून व्हान व्होइल. तिथे कांस्ययुगातली दगडांची रास आहे. उत्खननात तिथे माणसांचे दहन केलेले अवशेष निघाले आणि त्यांच्याबरोबर मेडोस्वीट या फुलाचे परागकण. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी एवढ्या उंच येऊन फुलं वाहिली होती. अशा राशींवर आपला दगड ठेवू नका, त्यांतला काढू नका.

पुढे व्हान ब्रखेन्योग, ८०२ मीटर, मनिद डीचा माथा. सर्वेक्षणाचा पांढरा खांब आणि शेजारी वाऱ्यापासून आडोसा देणारं दगडी वर्तुळ. जेवायची जागा हीच. मी दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी आणि गुळाचा खडा नेते. थंडीत कडक होत नाहीत, हातमोजे न काढता खाता येतात.

पहिल्या वेळी आल्या वाटेनेच परता. सगळं मिळून चौदा-पंधरा किलोमीटर, माझे सहा तास. दुसऱ्या वेळी दक्षिणेच्या बुल्ख गीएद खिंडीतून थोरल्या तळ्यावर उतरून कड्याच्या पायथ्याने वळसा घाला. वरून तो वळसा सोपा दिसतो. खाली वाट नाही, ओढे बरेच आहेत आणि पाऊस पडून गेला असेल तर ते ओलांडता येतील असं नाही. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा नाही, वर चढून अरुंद जागा शोधायची किंवा माघारी फिरायचं.

दक्षिणेचं चुनखडीचं रान

कड्याच्या दक्षिणेला डोंगर उतरत जातो तिथे वालुकाश्म संपून चुनखडी सुरू होते. खरं निर्जन रान ते. सबंध दिवसात माणूस भेटत नाही. जमिनीला खळगे पडलेले, काही बादलीएवढे, काही विहिरीएवढे. गीएद नदी अशाच एका ठिकाणी जमिनीत शिरते आणि तिचं पाणी तावेच्या खोऱ्यात दान अर ओगोव्हच्या गुहेतून बाहेर येतं. स्थानिक दोन भावांनी ती गुहा १९१२ साली पहिल्यांदा धुंडाळली. आता ती दिवे लावून पर्यटकांना दाखवतात. पावसाच्या दिवशी डोंगराऐवजी तिथे जा आणि वर जमिनीत गडप झालेलं पाणी खाली ऐका.

या रानात धुक्यात किंवा अंधारात जाऊ नका. खळग्याच्या कडेचं गवत आत वळलेलं असतं, पाय सरकतो. तिथे कारेग गोख नावाच्या माथ्याजवळ वेलिंग्टन जातीच्या एका बॉम्बफेकी विमानाचे अवशेष पडले आहेत. २० नोव्हेंबर १९४४ रोजी ते कोसळलं आणि आतले सहाही कॅनडाचे वैमानिक-सैनिक गेले. पत्र्याचा तुकडासुद्धा उचलू नका. भाचीने तिथे पायातले बूट काढले. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मेंढ्या, माणसं, रात्र

हा डोंगर रिकामा दिसतो पण रिकामा नाही. कुंपण नसताना मेंढ्या आपापल्या भागातच चरतात, कारण कोकराला आई आपली हद्द शिकवते आणि ते पुढे आपल्या कोकरांना. एका शेतकऱ्याने मला त्यासाठीचा वेल्श शब्द शिकवला, कनेव्हिन. म्हणाला, २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीत कळप मारावे लागले तेव्हा नुसत्या मेंढ्या गेल्या नाहीत, ही शिकवण गेली. नव्या मेंढ्यांना डोंगर ओळखीचा नव्हता. म्हणून मेंढ्यांना बुजवून पळवू नका, वसंतात कोकरं असताना तर लांबूनच जा. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या मुलखात दोरीवर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फाटक जसं सापडलं तसं ठेवा.

डोंगरावर तंबू ठोकायला जमीनमालकाची परवानगी लागते. ती नसेल तर गावात राहा, पण रात्री बाहेर या. २०१३ पासून हे उद्यान आंतरराष्ट्रीय मान्यतेचं गडद आकाशाचं क्षेत्र आहे. मी उस्क जलाशयाच्या काठी अमावास्येच्या आसपास जाते. भोरला लहानपणी अंगणात झोपताना दिसायची ती आकाशगंगा मला पुन्हा तिथे दिसली.

आणि दुपारी वर बघत राहा. दुभंगलेल्या शेपटीची तांबडी घार ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झाली होती. तग धरला तो मध्य वेल्सच्या डोंगरांत. आता ल्हानदेइसान्तवर त्या डझनांनी घिरट्या घालतात.

पाठीवर काय, आणि अडचण आली तर

सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. सुती भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचे मोजे, घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट, वरखाली पाऊसकपडे, टोपी, हातमोजे जूनमध्येसुद्धा. गावापेक्षा माथ्यावर चारेक अंश थंडी जास्त असते, वारा वेगळा. हेडटॉर्च, शिट्टी, नारिंगी प्लास्टिकची मोठी पिशवी जिच्यात शिरून बसता येतं, थर्मासात चहा. डिसेंबरात चारला सूर्य मावळतो, हे विसरू नका.

निघण्याआधी डोंगरांसाठीचा वेगळा हवामान अंदाज बघा, शहराचा नव्हे. त्यात ढग किती उंचीवर असेल आणि माथ्यावर वारा किती, हे दोन आकडे महत्त्वाचे. माथ्यावर ताशी ४० मैलांवर वारा असेल तर मी जात नाही.

उन्हाळ्यात नेच्यांच्या रानातून आलात तर घरी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचीड शोधा. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा.

अडचण आली तर ९९९ हा ब्रिटनचा आपत्कालीन क्रमांक लावा, पोलीस मागा, मग पर्वत-बचाव पथक मागा. थेट पथकाला फोन लागत नाही. जागा सांगताना नकाशाचे सहा आकडे द्या, जसे व्हान ब्रखेन्योगचे 'एसएन ८२५ २१८'. आवाज पोचण्याइतका सिग्नल नसला तरी संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी घरूनच ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' हा शब्द पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. आत्ताच करा. शिट्टीचे सहा आवाज, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. पथकातली माणसं स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत.

आणि एक चिठ्ठी. मी शेजारच्या काकूंकडे देऊन निघते: कोणती वाट, गाडीचा क्रमांक, सोबत कोण, आणि 'सातपर्यंत फोन आला नाही तर ९९९'. गाडी लावतो तिथे माझ्या फोनला सिग्नल नसतो. ल्हानगादोग गावाशी आलं की येतो. त्या दिवशी तिथे गाडी बाजूला घेतली तेव्हा पावणेसात वाजले होते. फोन भाचीने लावला. काकूंनी पहिल्याच घंटीला उचलला.